राजूची बस आणि मेयरचा शब्द

"वसुधा, तो स्टेजवरून खाली उतरतोय," ग्रॅहम माझ्या कानाशी म्हणाला. तक्रार म्हणून नाही, कौतुकाने.

उतरतोय ते मलाही दिसत होतं. उमेदवारांनी लेक्टर्नच्या, म्हणजे भाषणाच्या स्टँडच्या, मागे उभं राहूनच बोलायचं, हा नियम मीच लिहून दोघांना पाठवला होता. जोनने तो निमूट पाळला. अभयने माइक हातात घेतला, जाकिटाचं बटण सोडलं आणि पायऱ्या उतरून थेट तिसऱ्या रांगेत गेला. तिथे आमच्या मालतीताई बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी त्यांचा राजू.

पुढचं सांगण्याआधी माझं काम काय ते सांगते. मी एका राजकीय पक्षाची एजंट आहे. पक्षाचं नाव सांगत नाही आणि बरोचं, म्हणजे स्वतःची महापालिका असलेल्या आमच्या शहरभागाचंही नाही. कुठलाही पक्ष घ्या, फार फरक पडणार नाही. आपल्याकडे एजंट म्हटलं की विमा विकणारा डोळ्यांपुढे येतो. इथे एजंट म्हणजे निवडणुकीत उमेदवाराच्या वतीने कायद्याला उत्तर देणारा माणूस. पत्रकावर काय छापलं, कोणी कुठे काय वाटलं, सगळं माझ्या नावावर. उमेदवार हसतो, हात हलवतो. नोटीस मला येते.

इंग्लंडमधले बरेचसे मेयर गळ्यात मानाची साखळी घालून फिती कापतात. आमच्या बरोतला तसला नाही. त्याला लोक थेट निवडून देतात आणि लायब्ररी, कौन्सिलची घरं, म्हाताऱ्यांची आणि डिसेबल्ड लोकांची देखभाल, या सगळ्यावर शेवटचा शब्द त्याचा असतो. काम मोठं आणि कंटाळवाणं आहे. त्यातलं बहुतेक वाचण्याचं आहे.

अशा मेयरसाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे एरवी पक्षाचे मेंबर ठरवतात. त्या वर्षी आमच्या रीजनल ऑफिसला हुक्की आली, ओपन प्रायमरी घ्यायची. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार आधी लोकांकडून निवडून घेतात, तशातला प्रकार. बरोत राहणारा कोणीही हॉलमध्ये यायचं, दाराशी सही करायची, दोन्ही उमेदवारांना ऐकायचं आणि मत द्यायचं. पक्षाचा मेंबर असायची गरज नाही. ग्रॅहम रीजनल डायरेक्टर, म्हणजे माझा बॉस. कल्पना त्याची आणि राबायचं मी.

नियम साधे होते. एक उमेदवार बोलत असताना दुसऱ्याने दुसऱ्या खोलीत बसायचं, म्हणजे ऐकून उत्तर बदलता येत नाही. लोकांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून खोक्यात टाकायचे. त्यातले काही काढून दोघांना तेच विचारायचे. उलटा प्रश्न विचारायला बंदी. का, तर दोघांना सारखी वागणूक मिळावी. ऐकायला किती न्यायाचं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

पहिली चिठ्ठी निघाली ती मालतीताईंची. डिसेबल्ड लोकांचं डे सेंटर चालू ठेवणार का?

मालतीताई पूर्वीच्या नर्स. तरुणपणी इथल्या हॉस्पिटलला आल्या, नवरा लवकर गेला. राजूला डाउन्स सिंड्रोम आहे. आता त्याच्या कानशिलावर पांढरे केस आलेत, पण आम्ही सगळे त्याला राजूच म्हणतो. सोमवार ते शुक्रवार सकाळी मिनीबस यायची आणि राजूला डे सेंटरला न्यायची. तिथे तो स्वयंपाक शिकायचा, झाडांना पाणी घालायचा, त्याचे मित्र होते. मालतीताईंचा एक गुडघा बदललेला, दुसरा ऑपरेशनच्या रांगेत. "माझ्यानंतर ह्याचं काय?" हा एकच प्रश्न त्या बाईला रात्रंदिवस होता. सेंटरमधले लोक त्याला हळूहळू आईशिवाय राहायला शिकवत होते. स्वतःची अंघोळ, स्वतःचा टोस्ट. सेंटर गेलं तर ते सगळं बुडालं.

जोन आधी बोलली. जोन आमच्या पक्षाची जुनी कौन्सिलर. कानात मशीन, हातात कागद, मान खाली. "इमारत भाड्याची आहे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मार्चमध्ये लीज संपतं. छत गळतंय. पाच दिवसांचं वचन मी देऊ शकत नाही. तीन दिवस टिकवता येतील असं मला वाटतं, आणि ते कसे ते मी सांगू शकते." मग तिने ते सांगितलं. कुठली इमारत, कुठली बस, कुणाशी बोलणं झालंय. मागच्या रांगेत कोणीतरी डबा उघडला आणि चिवड्याचा वास आला.

हो, चिवडा. हॉल निम्मा आमच्या मराठी लोकांनी भरलेला होता. ही करामत मालतीताईंची. त्यांनी महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकलं, दिवाळीच्या फराळाला ज्यांना ज्यांना कामं वाटून देतात त्या सगळ्यांना फोन केले, कोच, म्हणजे भाड्याची मोठी बस, ठरवला. लोक सिल्कच्या साड्या नेसून आले. "आपल्या अभयचं आहे ना काहीतरी!" एवढंच बऱ्याच जणांना ठाऊक होतं. दोन जणींनी मला विचारलं, जेवण इथेच आहे का. प्रायमरीला माणसं सत्काराला आल्यासारखी आली होती. तसं येणं आपल्यालाच जमतं.

आता अभय. अभय इथेच जन्मलेला, वडील डॉक्टर. धंद्याने लग्नांचा एमसी. नवरीची एंट्री, केक, भाषणं, नाच, सगळं माइकवरून चालवणारा. आमच्याकडच्या निम्म्या मुलांची लग्नं त्याने लावली म्हणा ना. माझ्या मुलीचं लग्न मिल्टन कीन्सला होतं आणि तिथल्या राउंडअबाउट्सच्या गोल चौकांमध्ये केटररची व्हॅन चुकली. भुकेला हॉल. अभयने त्या हॉलला असं काही खेळवलं, की जेवण आल्यावर लोक म्हणाले, अरे, आलं पण? मला तो आवडायचा. अजूनही आवडतो, आणि त्याचाच मला राग येतो.

तर हा अभय राजूसमोर गुडघ्यावर बसला. "राजू, माय मॅन! तुझा बस कधी येतो?"

त्याचं मराठी असंच. बस पुल्लिंगी, आई पुल्लिंगी. बायका विरघळतात.

राजूने माइक दोन्ही हातांत धरला. "मंडे. मी पुढे बसतो. ड्रायव्हरजवळ."

"कायम पुढे बसणार तू," अभय म्हणाला. मग उभा राहून सगळ्या हॉलकडे वळला आणि इंग्लिशमध्ये म्हणाला, "पाच दिवस. चार नाही, साडेचार नाही. पाच. हा माझा शब्द."

हॉल उठून उभा राहिला. मालतीताईंनी पदर डोळ्यांना लावला.

मी ग्रॅहमला धरलं. "हे नियमात बसत नाही. त्याला थांबव. जोनला असं करू दिलं नसतं."

"जोनने केलंच नसतं."

"तोच तर मुद्दा आहे!"

"वसुधा, इतक्या लोकांसमोर एका डिसेबल्ड माणसाच्या हातातून माइक काढून घ्यायला तू जाणार आहेस का?"

मी गेले नाही. कोण जाईल? मतं मोजायला फार वेळ लागला नाही. जोन दुसऱ्या खोलीतून बाहेर आली, निकाल ऐकला, अभयशी हात मिळवला आणि खुर्च्या आवरायला लागली.

अभय अडाणी आहे असं कोणी समजू नये. शॉर्टलिस्टच्या आधी मी त्याला ऑफिसात बोलावलं होतं. विचारलं, "मेयरचं काम काय असतं, अभय?"

"लोकांना एकत्र आणणं, मावशी."

"आणि बजेट?"

"त्याला ऑफिसर्स असतात ना?"

"ऑफिसर तुला कागद देतात. ठरवायचं तुला असतं."

"येस, येस. ठरवीन ना!" तो हसला. असा हसतो की आपणच काहीतरी खवट बोललो असं वाटतं. मी त्याला वाचायला एक जाडजूड फोल्डर दिलं. काही महिन्यांनी ते मला त्याच्या गाडीच्या डिकीत दिसलं. स्पीकर हलू नये म्हणून खाली सारलं होतं. ग्रॅहमला सांगितलं तर तो म्हणाला, "वाचणारे उमेदवार माझ्याकडे खूप आहेत. जिंकणारे नाहीत."

ग्रॅहमचं खरं निघालं. मे महिन्यात अभय जिंकला. मीच जिंकवला. दारोदार जायचं, कोण आपला आणि कोण नाही याची नोंद करायची, मतदानाच्या दिवशी आपल्या माणसाला घराबाहेर काढायचं, हे माझं काम आणि ते मला चांगलं येतं. अभयचा त्रास एवढाच, की तो एका दारात अर्धा तास उभा राहायचा. कुत्र्याचं नाव विचारायचा, आणि पुढच्या वेळी ते त्याला आठवायचं सुद्धा. मालतीताई रोज येऊन पाकिटं भरायच्या. राजू पाकिटांवर स्टँप चिकटवायचा. तिरपे चिकटवायचा, आम्ही तसेच टाकले.

निवडून आल्यावर अभय कुठे नव्हता ते विचारा. शाळा, देऊळ, मशीद, बॅडमिंटन क्लब. जिथे जाईल तिथे शब्द देऊन यायचा. डे सेंटरला तर गेला तो स्थानिक बातम्यांचा कॅमेरा घेऊनच. "हे सेंटर कुठेही जात नाही," तो म्हणाला. मालतीताईंनी तो व्हिडिओ मला इतक्या वेळा पाठवला, की माझ्या फोनची जागा संपली.

जानेवारी संपता संपता जोन माझ्या ऑफिसात आली. बाहेर पाऊस. ओला कोट न काढताच बसली.

"सेंटरचं लीज फॉरवर्ड प्लॅनवर नाहीये," ती म्हणाली.

हे समजावून सांगते, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. कौन्सिलला एखादा मोठा निर्णय घ्यायचा असेल तर तो निदान अठ्ठावीस दिवस आधी जाहीर करावा लागतो. आम्ही अमुक तारखेला अमुक ठरवणार आहोत, कोणाला काही म्हणायचं असेल तर म्हणा. त्या जाहीर करण्याला फॉरवर्ड प्लॅन म्हणतात. ते झालं, की मेयरने ऑफिसरचा रिपोर्ट वाचून निर्णय लेखी द्यायचा. एवढं केलं की मगच तो निर्णय. बाकी सगळ्या गप्पा.

"पण तो तर सगळीकडे सांगत फिरतोय," मी म्हणाले.

"सांगतोय. ऑफिसरांनी त्याला दोनदा कागद पाठवले. एकदा त्याने कॉरिडॉरमध्ये हो म्हटलं. एकदा अंगठ्याचं चित्र पाठवलं. ते त्यावर पुढे जाऊ शकत नाहीत, वसुधा. मालकाकडे जिमवाले लीज घ्यायला टपून बसलेत."

मी लगेच अभयला फोन लावला. मागे पोरांचा कलकलाट. कुठल्याशा शाळेत होता.

"मावशी, इट्स सॉर्टेड! मी सांगितलं त्यांना."

"सांगून होत नाही रे. लेखी द्यावं लागतं. आज संध्याकाळी बसू या का आपण?"

"पण मी कॅमेऱ्यासमोर बोललोय. आता कोण नाही म्हणणार?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि पडला तो फार उशिरा. हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की झालं. वर्षानुवर्षं तो माइकवर "प्लीज वेलकम" म्हणत आलाय आणि त्या क्षणाला दार उघडलंय, दिवे लागलेत, गाणं सुरू झालंय. दार उघडणारी, दिवे लावणारी माणसं वेगळी असायची. ती त्याने कधी पाहिली नाहीत. बोललं की होतं, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव होता. आम्ही एमसीला मेयर केला होता आणि तो एमसीचं काम चोख करत होता.

संध्याकाळी तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी टाउन हॉलला जायचे तर तो बाहेर. त्याच्या ऑफिसातल्या लोकांना निरोप देऊन माझी जीभ झिजली. मी पक्षाची नोकर, कौन्सिलची नाही. मेयरच्या टेबलावर कागद ठेवण्याचासुद्धा मला हक्क नाही. असं करता करता अठ्ठावीस दिवस आधी जाहीर करायची वेळ निघून गेली.

जोन परत आली. "अजून एक वाट आहे," ती म्हणाली.

मेयरच्या कामावर नजर ठेवणारी कौन्सिलरांची एक कमिटी असते, स्क्रूटिनी कमिटी. फार तातडीचं काही असेल तर या कमिटीच्या चेअरची, म्हणजे अध्यक्षाची, परवानगी घेऊन मेयरला आधी जाहीर न करताही निर्णय घेता येतो. त्या वर्षी चेअर होती जोन.

"त्याला म्हणावं, मला लिही. एक परिच्छेद पुरे. तातडी का आहे आणि आधी का केलं नाही. मी त्याच दिवशी हो म्हणते."

"तू हो म्हणशील?"

"त्या सेंटरमध्ये माणसं आहेत, वसुधा."

या वेळी मी अभयला सोडलाच नाही. टाउन हॉलच्या दारात गाठला आणि त्याच्या मागोमाग त्याच्या खोलीत शिरले. टेबलावर फुलं, ट्रॉफ्या, शाळेच्या पोरांनी काढलेली चित्रं. मी त्याला खुर्चीत बसवलं, सगळं समजावलं, लिहायचं काय तेही सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "आधी का केलं नाही, यात काय लिहायचं?"

"खरं ते लिही. राहून गेलं म्हणून लिही."

"आणि हे पब्लिक असणार?"

"असणार."

"म्हणजे मी चुकलो असं पब्लिकमध्ये लिहायचं. आणि ते जोनला द्यायचं." त्याचा चेहरा पहिल्यांदाच पडलेला पाहिला मी. "मावशी, ती वापरेल ते."

"वापरू दे! अरे, राजूची बस चालू राहील. तू त्याला शब्द दिलायस."

"आय नो. आय नो." त्याचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, नाटक नव्हतं ते. "उद्या सकाळी पहिलं काम हेच. प्रॉमिस."

"आत्ता लिही. मी इथे बसते."

"आत्ता मला बाहेर लोक थांबलेत, मावशी. केअरर्सचा अवॉर्ड आहे, घरी आजारी माणसं सांभाळतात ना, त्यांचा. मी नाही गेलो तर त्यांना किती वाईट वाटेल!"

तो उठला, मला जवळ घेतलं आणि गेला. दारातून त्याचा आवाज ऐकू आला, "हॅलो, हॅलो, ब्यूटिफुल पीपल!" आणि टाळ्या. मी त्या खोलीत एकटी उभी.

पुढच्या दिवसांत मी फोन केले, मेसेज केले, ग्रॅहमला मध्ये घातलं. ग्रॅहम म्हणाला, जोनला असं लेखी देणं रिस्की आहे, आधी प्रेसचा विचार करू. तो विचार चालू असताना मार्च संपला. मालकाने इमारत ताब्यात घेतली. डे सेंटर बंद. आता तिथे काचेच्या भिंतीमागे लोक ट्रेडमिलवर पळतात.

मालतीताईंकडे जायला माझं मन धजत नव्हतं, पण गेले. दार त्यांनीच उघडलं. वॉकर धरून चालत होत्या. आत राजू खिडकीशी उभा. अंगात कोट, पाठीवर बॅग, हातात डबा. सकाळची बस येऊन जायची वेळ केव्हाच टळून गेली होती.

"रोज असाच उभा राहतो," त्या म्हणाल्या. "सांगितलं तर म्हणतो, ट्रॅफिक आहे. बस गं."

मी बसले. त्याच म्हणाल्या, "अभय येऊन गेला."

"कधी?"

"परवा. स्वतःहून आला हो. इथेच, तू बसलीस तिथे बसला आणि ढसाढसा रडला. मी म्हटलं, रडू नको रे बाळा, खाऊन घे. शिरा करून घातला. पोराने दोन दिवस नीट जेवण केलेलं नव्हतं."

या बाईचा एक गुडघा गेलेला, मुलगा खिडकीशी उभा, आणि तिने गॅसपुढे उभं राहून त्याला शिरा करून घातला होता.

"त्या ऑफिसर लोकांनी फसवलं त्याला," मालतीताई म्हणाल्या. "त्याच्या मनात किती होतं!"

मग मात्र माझा तोल गेला. "मालतीताई, अहो, कोणी नाही फसवलं. त्याला एक परिच्छेद लिहायचा होता. एकच. मी समोर बसले होते. त्याने लिहिला नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी वेडंवाकडं केलंय.

"राहिलं असेल," त्या म्हणाल्या. "त्याला वेळ कुठे असतो, वसुधा? सगळ्यांचं बघायचं त्याने. तू त्याच्यावर अशी डाफरत जाऊ नकोस. आपलाच आहे तो."

मग त्या म्हणाल्या, "ती जोनसुद्धा आली होती."

"इथे?"

"हो. काहीतरी घेऊन आली होती. दुसऱ्या कुठल्या सेंटरला राजूची सोय होते का बघू म्हणत होती. मी दारातूनच परत पाठवली. हॉलमध्ये माझ्या तोंडावर तीन दिवस म्हणाली होती ती. मी विसरले नाही."

"अहो, पण ते तीन दिवस खरे होते!"

"असतील. पण कसं म्हणाली? राजूकडे बघितलंसुद्धा नाही तिने."

हे मात्र खरं होतं. जोनने राजूकडे बघितलं नव्हतं. ती कागद बघत होती, ज्यात राजूची बस होती.

मी त्या दिवशी मालतीताईंशी भांडभांड भांडले. शेवटी माझ्या फोनवरून जोनला फोन लावून त्यांच्या हातात दिला. त्या "येस" आणि "थँक्यू" एवढंच म्हणाल्या, पण म्हणाल्या. जोनने खटपट करून बरोच्या दुसऱ्या टोकाला एक जागा मिळवली. आठवड्यातून दोन दिवस. तीन द्यायला आता तिच्या हातात काही उरलं नव्हतं. तिथे बस जात नाही, टॅक्सी येते. टॅक्सीत राजूला मागे बसवतात, पुढे बसू देत नाहीत. तिथे त्याच्या ओळखीचं कोणी नाही. पहिल्या आठवड्यात तो जेवलाच नाही. टोस्ट करायचा विसरला. अंघोळीला पुन्हा आईला हाक मारायला लागला, आणि आईला तर आता वाकता येत नाही.

यातून मी काय शिकले ते ग्रॅहमला लेखी कळवलं. आपण उमेदवार कसा बोलतो ते बघायची सोय केली आहे, तो कसा वाचतो ते बघायची नाही. शॉर्टलिस्टच्या मुलाखतीत प्रत्येकाला कौन्सिलचा एक खरा रिपोर्ट द्यावा, एका खोलीत एकट्याला बसवावं आणि नंतर विचारावं, यात तुला काय ठरवायचं आहे? त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. कल्पना इंटरेस्टिंग आहे, पण चांगले उमेदवार घाबरून पळतील. जोन यापुढे उभी राहणार नाही. तिने मला तसं सांगितलं, आणि मी तिला का म्हणून विचारलं नाही.

अभय मात्र पुन्हा उभा राहतोय. परवा मालतीताईंचा फोन आला. त्या दिवशी राजूचा टॅक्सीचा दिवस नव्हता. फोनमध्ये मागून त्याचा आवाज येत होता, "ट्रॅफिक आहे. ट्रॅफिक आहे."

"वसुधा, अभयचं पुन्हा आहे ना गं?" त्या म्हणाल्या. "मी आत्तापासूनच सगळ्यांना सांगून ठेवते. कोच लागेल ना मागच्यासारखा?"

मी त्याची एजंट आहे. मी म्हटलं, "हो, मालतीताई. लागेल."